गुरुवार संध्याकाळचे तारे

आमच्या विश्वात कसबा सगळ्यांत आधी सुरू करावा लागे. मग शनिवार, नारायण, सदाशिव असं करत करत शेवटी हडपसर. हा क्रम चुकला तर विश्व सुरूच होत नसे, किंवा सुरू होऊन चहा येईपर्यंत रुसून बसे.

ही नावं संगणकांची होती. एका सॉफ्टवेअर कंपनीने नवीन मशीन्स घेतली आणि जुनी आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाला देऊन टाकली. मी ज्यांच्याकडे संशोधन करायचे त्या सरांनी ती विभागाच्या मागच्या खोलीत लोखंडी रॅकवर मांडली, तारांनी एकमेकांना जोडली आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा संगणक केला. प्रत्येकाला पुण्यातल्या एकेका पेठेचं नाव दिलं. कसबा मुख्य, कारण पहिला मान त्याचा. पेठा संपल्यावर उरलेल्या दोघांना कोथरूड आणि हडपसर म्हणायचं ठरलं, आणि नेमके तेच दोघं काही केल्या वेळेवर काम संपवत नसत. "लांबून येतात," सर म्हणायचे. सदाशिववर आधीच्या मालकाने चिकटवलेली, हात लावू नये अशा अर्थाची एक इंग्रजी चिठ्ठी होती. बाकी सगळ्या मशीनांवरचे स्टिकर सरांनी खरवडून काढले. ती चिठ्ठी मात्र त्यांनी ठेवली.

या मशीन्सवर आम्ही दीर्घिका बनवायचो.

हे वाक्य मी तेव्हा कुणाला सांगत नसे. मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. माझ्याबरोबरच्या मुली एमएस्सी झाल्या झाल्या हिंजवडीला लागल्या होत्या. सकाळी त्यांना न्यायला गाड्या यायच्या, त्यांच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला फोटो असायचा. मी सहकारनगरहून स्वारगेटला चालत जायचे आणि तिथून बस पकडायचे. सोसायटीतल्या काकू जिन्यात विचारायच्या, "तू कुठल्या कंपनीत गं?" मी काहीतरी पुटपुटायचे. मग आईने एक उत्तर ठरवून टाकलं. "ती कॉम्प्युटरमध्ये आहे," आई सांगायची. ते खोटं नव्हतं. पगार विचारण्याची वेळ येईपर्यंत आई विषय बदलायची.

माझी शाळा कॅम्पातली, इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलायचो, पण भौतिकशास्त्र माझ्या डोक्यात इंग्रजीतच होतं. सरांच्या खोलीत सगळं मराठीत चालायचं. गॅलेक्सीला दीर्घिका म्हणतात हे मला तिथे कळलं, आणि एकोणसाठ म्हणजे नक्की किती हे विचारायची लाज वाटून मी कितीतरी वेळा नुसती मान डोलावली. मुळात मी कमी बोलणारी. त्यात हे. त्यामुळे लोकांना मी शिष्ट वाटायचे. शिष्ट वाटण्याचा एक फायदा असतो, लोक आपल्यासमोर मोकळेपणी बोलतात, कारण आपण ऐकतोय असं त्यांना वाटत नाही.

काम मला फार आवडायचं. कल्पना करा, एक काचेची पेटी आहे, इतकी मोठी की तिच्यात शेकडो दीर्घिका मावतील. सुरुवातीला तिच्यात फक्त वायू आणि न दिसणारं द्रव्य, जवळजवळ सगळीकडे सारखं पसरलेलं. जवळजवळ, हा शब्द महत्त्वाचा. कुठे केसभर जास्त, कुठे केसभर कमी. मग संगणकाला गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगायचा आणि म्हणायचं, चल. जिथे केसभर जास्त होतं तिथे अजून गोळा होत जातं. वायू थंड होतो, आत पडतो, त्यातून तारे जन्मतात. मोठे तारे लवकर फुटतात आणि आजूबाजूचा वायू तापवतात. तापलेल्या वायूतून काही काळ तारे होत नाहीत. तो पुन्हा निवला की पुन्हा होतात. काही महिन्यांनी पेटीत पाहिलं तर चक्क चकत्या फिरत असतात, काहींना हातसुद्धा फुटलेले असतात, आणि हे कुणी सांगितलेलं नसतं. मला त्याचं इतकं नवल वाटायचं की कधी कधी जेवणाचा डबा उघडायचा राहून जायचा.

विश्वाचा कारभार असा अब्जावधी वर्षांचा, पण त्यावर सत्ता वीज मंडळाची. पुण्यात गुरुवारी वीज नसायची. सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची. गिरण्या बंद, कारखाने बंद, आमचं विश्वही बंद. कॉलेजचं जनरेटर होतं, पण ते प्राचार्यांच्या खोलीतल्या पंख्यापर्यंतच पोचायचं. म्हणून बुधवारी संध्याकाळी पेटीत जे जसं आहे ते तसं एका फाइलमध्ये उतरवायचं, हडपसरपासून उलट क्रमाने पेठा बंद करायच्या, आणि गुरुवारी वीज आली की कसब्यापासून सुरुवात करायची. फाइल वाचली की विश्व जिथे थांबलं होतं तिथून पुढे. सगळ्यांत नवीन म्हणून हे काम माझ्याकडे होतं. सवय इतकी की सुट्टीच्या दिवशी घरातले दिवेही मी ठरावीक क्रमाने बंद करायला लागले होते.

खोलीत माझ्याशिवाय एकच जण कायम असायचे, आमचे सीनिअर. ते वर्ध्याचे. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांबरोबर एका खोलीत कॉट घेऊन राहायचे, आणि पीएचडीचं शेवटचं वर्ष चाललं होतं. मी त्यांना दादा म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे, आणि त्यात आदर किती आणि चिडवणं किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"काय मॅडम, काय करून राहिल्या?"

"काही नाही."

"काही नाही करून राहिल्या म्हणजे बरंच काही चालू आहे."

त्यांच्या प्रबंधाची सगळी प्रकरणं झाली होती, एक सोडून. आणि ते एक फार सुंदर होतं. आमच्या पेटीत दर काळात किती तारे जन्मले याचा आलेख काढला की त्यात ठोके दिसायचे. रेष शांत चालायची, मग एकदम वर उडी, मग हळूहळू खाली, पुन्हा शांत, पुन्हा उडी. शिवाय विश्वाचं वय वाढत जाई तसे हे ठोके जवळ जवळ येत जायचे. सुरुवातीला लांब लांब, मग भराभर, जिना चढणाऱ्या माणसासारखे. दादांनी त्याची उपपत्ती मांडली होती: तारे फुटून वायू तापतो आणि पसरतो, मग निवतो आणि आत येतो, म्हणजे दीर्घिका श्वास घेतात, आणि वय वाढतं तसा त्यांना दम लागतो. दम हा शब्द अर्थात प्रबंधात नव्हता. पण सर तोच वापरायचे. "तुमच्या दम्याचं कुठवर आलं?" ते विचारायचे, आणि दादा खूश व्हायचे, कारण सरांनी चेष्टा केली म्हणजे काम पसंत आहे.

पुढच्या महिन्यात बंगलोरला एका परिषदेत दादा या ठोक्यांवर बोलणार होते. तिथे बाहेरदेशचे लोक येणार होते, आणि त्यांतल्या एकाच्या गटात दादांना पुढची जागा हवी होती. वडिलांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, हा उन्हाळा शेवटचा. वडिलांचं म्हणणं होतं की एवढं कॉम्प्युटर येतं तर सरळ कंपनीत जावं. दर रविवारी फोनवर तेच. दादा फोन ठेवून म्हणायचे, "ठोके आहेत म्हणून टिकून आहे, मॅडम. नाही तर बाप केव्हाच हिंजवडीत टाकून आला असता."

बंगलोरसाठी सरांना एक फिल्म हवी होती. पेटी फिरतेय, दीर्घिका तयार होतायत, अशी. ते काम मला दिलं. वायू निळा, जुने तारे पिवळसर आणि नुकतेच जन्मलेले पांढरेशुभ्र, असे रंग मी ठरवले. एकेक चित्र तयार व्हायला वेळ लागायचा, म्हणून मी चित्रं एकापाठोपाठ एक बघत बसायचे. कुणाशी बोलावं न लागणारं ते काम माझ्यासाठीच केलेलं होतं.

तिथे मला ते दिसलं. दादांच्या आलेखात सगळ्या दीर्घिकांची बेरीज असायची, एकच रेष. माझ्या चित्रांत त्या सुट्या सुट्या होत्या. आणि ठोका आला की सगळ्या एकदम पांढऱ्या होत होत्या. या कोपऱ्यातली, त्या कोपऱ्यातली, मधली मोठी, कडेची चिमुकली, सगळ्या एकाच चित्रात. पुढच्या चित्रात सगळ्या विझू लागलेल्या.

दिवाळीत पर्वतीवर चढून शहर पाहिलं तर फटाके असे उडत नाहीत. इथे एक, तिथे दोन, मग तिसरीकडे. प्रत्येक घराची वेळ वेगळी, कुणाची पूजा लवकर होते, कुणाचे पाहुणे उशिरा येतात. प्रत्येक दीर्घिका आपापला श्वास घेत असेल तर तीही आपापल्या वेळी घेईल. शंभर माणसं एकाच वेळी श्वास घेतात ती फक्त कवायतीत.

मी काही बोलले नाही. चित्र सुंदर दिसत होतं. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान. झेंडावंदनासारखं." त्यांनाही काही खटकलं असेल का, ते कळलं नाही. दादा तर हरखून गेले. मी विचार केला, या दोघांना मिळून जे समजतं ते मला कुठून समजणार. रंग मी दिले होते, तेवढंच माझं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी घरी होते. सर परीक्षेच्या कामासाठी कॉलेजातच थांबणार होते, त्यांनी मला सांगितलं होतं की पेठा ते स्वतः सुरू करतील. आईचा गुरुवारचा उपास असायचा आणि संध्याकाळी ती तो साग्रसंगीत सोडायची. तिची सगळी तयारी ओट्यावर मांडून झाली होती. नारळ खवलेला, मिरच्या धुतलेल्या, डाळ भिजलेली. वीज नव्हती म्हणून सगळं अडलं होतं. आई स्वयंपाकघरात उभी राहून ट्यूबलाइटकडे बघत होती.

"आता येईल," ती म्हणाली. तिच्या आवाजात उपासाची धार होती.

ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. आईने मिक्सरचं बटण दाबलं. आणि त्याच क्षणी वरच्या काकूंचा मिक्सर लागला, समोरच्यांचा लागला, तळमजल्यावरच्या जोश्यांचा जुना घरघरणारा लागला, मागच्या बिल्डिंगमधले तीन-चार लागले. सगळी सोसायटी एका सुरात घरघरली. मग एकेक करत ते थांबले आणि कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर पुन्हा शांतता.

हे मी लहानपणापासून दर गुरुवारी ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र मी हातातली ताटं तशीच घेऊन उभी राहिले. या बायकांनी एकमेकींना काही विचारलं नव्हतं. वरच्या काकू आणि समोरच्या तर दोन वर्षं बोलतही नव्हत्या.

"ताटं मांडतेस की प्रदर्शन भरवतेस?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजसमोरच्या अमृततुल्यमध्ये दादा चहा घेत होते. मी समोर जाऊन बसले. हे मी कधीच करत नसे, त्यामुळे त्यांनी बशी खाली ठेवली.

"दादा, एक विचारू?"

"विचारा न. तुम्ही आपणहून विचारून राहिल्या म्हणजे आज काहीतरी होणार."

"गुरुवारी वीज आली की आमच्या सोसायटीत सगळे मिक्सर एकदम लागतात."

"बरं. मग?"

"त्यांचं आधी काही बोलणं झालेलं नसतं."

"मिक्सरांचं?"

"बायकांचं."

"अच्छा."

"दीर्घिकांचंही झालेलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी कप टेबलावर ठेवला, अगदी हळू, जणू आवाज झाला तर काहीतरी फुटेल.

"म्हणजे तुमचं म्हणणं, ठोके आपल्या चालू-बंदचे आहेत."

"मला माहीत नाही. सगळ्या एकदम पांढऱ्या होतात, एवढं मी पाहिलंय."

"माझा शेवटचा चॅप्टर आहे तो."

"माहीत आहे."

"बंगलोरला त्याच्यावर बोलायचं आहे मला."

"तेही माहीत आहे."

"आणि तरी सांगून राहिल्या."

"अजून फक्त तुम्हालाच सांगितलंय."

त्यांनी टेबलावर बोटाने आलेखाची रेष काढली. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "नाही जमत, मॅडम. ठोके जवळ जवळ येत जातात. गुरुवार कधी जवळ आलेला पाहिला काय? गुरुवारच्या मधात आठवडाच असते."

त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले आणि शीळ वाजवत परत गेले. मला खरंच हायसं वाटलं. एवढं बोलून झालं होतं, आणि ते चुकीचं निघालं होतं. याहून चांगलं काय हवं.

शनिवारी सकाळी मी खोलीत पोचले तर दादा आधीच आलेले होते. दाढी केलेली नव्हती. ते हडपसरच्या समोर बसले होते.

"हे बेनं हळू झालं आहे," ते म्हणाले.

"हडपसर नेहमीच हळू असतो."

"सगळेच. पहिल्या महिन्यात एका आठवड्यात विश्व कुठल्या कुठे जाऊन राहिलं होतं. आता दीर्घिका झाल्या, गर्दी झाली, हिशेब वाढला. तेवढ्याच आठवड्यात आता थोडंसंच सरकते." ते माझ्याकडे वळले. "तुमची बस स्वारगेटहून निघून किती वेळात येते?"

"कॉलेजच्या वेळेला? डेक्कनच्या पुढे नुसती उभी असते."

"तेच. घड्याळ तेच, रस्ता कमी. आपण आलेख विश्वाच्या वयावर काढतो. आठवडे तेवढेच आहेत. त्यांच्यात मावणारं वय कमी झालं, म्हणून ठोके जवळ आले." त्यांनी डोळे चोळले. "दीर्घिकांना दम नाही लागला, मॅडम. यांना लागला."

माझं म्हणणं मोडून काढायला ते बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांनी ते पुरं केलं होतं. मी म्हणाले, "तरी खात्री नाही."

"नाही न. म्हणून उद्या या. रविवारी बंद करू, रविवारीच चालू करू. तसं करायचं काही कारण नाही. तरी ठोका आला, तर तो आपलाच."

रविवारी कॉलेजच्या आवारात कुत्री सोडली तर कुणी नव्हतं. वीज व्यवस्थित होती. आम्ही हडपसरपासून सगळ्या पेठा बंद केल्या आणि चांगल्या चालणाऱ्या विश्वाला उगाचच झोपवलं. खोली एकदम शांत झाली. पंख्यांचा आवाज गेल्यावरच तो किती होता ते कळतं. दादांनी वर्ध्याहून आलेला चिवडा काढला. तो इतका तिखट होता की बोलायची वेळच आली नाही. मग कसबा सुरू केला, शनिवार, नारायण, सदाशिव.

पडद्यावर थोड्या थोड्या वेळाने एकेक ठिपका उमटायचा. पहिला ठिपका आधीच्या रेषेवर. दुसरा जरासा वर. दादा पुढे झुकले. तिसरा बराच वर. चौथा उडीच.

रविवारी दुपारी, पुण्यात सगळे आमरस खाऊन झोपलेले असताना, आमच्या सगळ्या दीर्घिकांत एकदम तारे जन्मत होते.

दादा खुर्चीत मागे टेकले. "तुमच्या आईचा उपास गुरुवारचाच असते न?"

"हो."

"आपल्या विश्वाचा नाही. हे जेव्हा सोडाल तेव्हा जेवते." आणि ते हसायला लागले, आणि मला कळेना की आपणही हसावं की नाही, कारण त्यांचे डोळे काही हसत नव्हते.

पुढचं शोधायला फार वेळ लागला नाही, कारण कुठे शोधायचं ते आता माहीत होतं. तारा फुटून वायू तापला की तो किती काळ तसाच राहील याची एक आठवण प्रोग्रॅम प्रत्येक कणाबरोबर बाळगायचा. बुधवारी फाइल लिहिताना कण कुठे आहे, किती वेगाने चाललाय, किती तापलाय, हे सगळं उतरत होतं. ती आठवण तेवढी उतरत नव्हती. वीज आली की सगळा वायू आपण का थांबलो होतो हेच विसरलेला असायचा. तो लगेच निवायचा, आत पडायचा, आणि भराभर तारे व्हायचे. मग ते फुटले की पुन्हा शांत, पुढच्या गुरुवारपर्यंत.

सोमवारी आम्ही दोघं सरांसमोर उभे राहिलो. दादांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, आवाज न चढवता. सरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे कुणाच्या लक्षात आलं?"

"मॅडमच्या."

"त्या बोलल्या?"

"हो सर."

"मग खरं असणार," सर म्हणाले. "अहो, फाइल लिहिण्याचा तो भाग कुणी लिहिलाय, पाहिलंत का?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या भागाच्या पहिल्या ओळीत नाव होतंच.

"मीच लिहिलाय. गुरुवारचा वैताग आला होता म्हणून एका बुधवारी बसून लिहिला. घाईत लिहिला हे आता दिसतंय." ते दादांकडे वळले. "मी लिहिलाय म्हणजे बरोबर असेल, असं तुम्हाला वाटलं का?"

"हो सर."

"हा तुमच्या प्रबंधातला पहिला मोठा दोष. बाकीचे मी सांगतोच आहे."

मग त्यांनी दादांचा आलेख पुढे ओढून पाहिला. शेवटी म्हणाले, "एक ओळ घालायची आहे. घाला. आणि येत्या गुरुवारी बघू. एखादा ठोका खरा असेलही."

एखादा ठोका खरा असेलही. त्या आठवड्यात दादा या वाक्यावर जगले. हिशेबाने ते शक्य होतं. वायू खरोखर तापतो, खरोखर निवतो. चुकीच्या ठोक्यांखाली एखादा बारीक खरा ठोका दडलेला असू शकत होता, आणि तो निघाला तर प्रकरण राहणार होतं, लहान होऊन का होईना. दादा मला काही चिडवत नव्हते. मॅडमही म्हणत नव्हते. काम असेल तेवढं बोलायचे. मी बुधवारी पेठा बंद करताना प्रत्येक बटण दाबायच्या आधी पडद्यावरची ओळ दोनदा वाचली. मला ठोका यायला हवा होता. मीच तो मोडला होता, आणि मलाच तो हवा होता.

गुरुवारी आम्ही तिघंही खोलीत होतो. उकाडा मरणाचा. सर वर्तमानपत्राने वारा घेत होते. वीज आली आणि मी कसब्यापासून सुरुवात केली. सगळ्या पेठा उठल्या, हडपसर सगळ्यांत शेवटी.

पहिला ठिपका रेषेवर. दुसरा रेषेवर. तिसरा थोडा वर गेल्यासारखा वाटला आणि दादांची खुर्ची करकरली. पण तो पडद्यावरचा डाग होता. मी ओढणीच्या टोकाने पुसला. खरा तिसरा रेषेवरच होता. चौथा, पाचवा, सहावा. खिडकीबाहेर, कॉलेजच्या मागे प्राध्यापकांच्या क्वार्टर्स होत्या. तिथे वीज आल्या आल्या सगळे मिक्सर एकदम लागून थांबलेही होते. आत रेष सरळ चालली होती, किंचित उतरती, जशी म्हाताऱ्या होत जाणाऱ्या विश्वात असायला हवी तशी.

दहावा ठिपकाही रेषेवर पडला, तेव्हा दादा उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"दोन पानं लिहितो," ते म्हणाले. पाठमोरेच. "शेवटचा चॅप्टर दोन पानांचा. ठोके का नाहीत, ते. बंगलोरला तेच सांगतो."

"तीन लिहा," सर म्हणाले. "त्यातलं एक माझं."

दादा वळले. सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि मॅडम, तुमच्या फिल्ममध्ये आता काय दिसणार? काहीच पांढरं होणार नाही एकदम."

मी त्यांना सांगितलं की मी ओळ घातल्यानंतरच्या दिवसांतली चित्रं काढून पाहिली होती. एक दीर्घिका पांढरी होते, मग बऱ्याच वेळाने दुसऱ्या कोपऱ्यात एक, मग मधेच दोन लहान. प्रत्येकीची वेळ वेगळी. पर्वतीवरून दिवाळी दिसते तशी. हे मी सलग बोलले, मराठीत, मधे न थांबता. दादा ऐकत होते.

"दाखवा," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.